द्वारकानाथ कोटणीस

डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस (जन्म : सोलापूर, १० ऑक्टोबर १९१०, मृत्यू : हपेई प्रांत, चीन, ९ डिसेंबर १९४२) हे भारतीय शल्यचिकित्सक होते. चीन-जपान युद्धाच्या काळात भारतीय राष्ट्रीय काँग्रेसने चीनला पाठविलेल्या पाच डॉक्टरांच्या वैद्यकीय पथकाचे ते सदस्य होते. उत्तर चीनमधील रणभूमीवर जखमी सैनिकांवर उपचार करणे, दुर्गम खेड्यांत रुग्णालय चालविणे आणि नव्या डॉक्टरांना शल्यशास्त्र शिकविणे हे त्यांच्या अखेरच्या वर्षांतील प्रमुख कार्य होय. बेथून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे ते पहिले संचालक होते. चीनमध्ये ते 'के दिहुआ' या नावाने ओळखले जातात. भारत-चीन मैत्रीचे प्रतीक म्हणून दोन्ही देशांत त्यांचे स्मरण केले जाते.

बालपण आणि शिक्षण

कोटणीसांचा जन्म सोलापुरातील एका मध्यमवर्गीय मराठी कुटुंबात झाला. कुटुंब मोठे होते. त्यांना दोन भाऊ आणि पाच बहिणी होत्या. वडील शांताराम कोटणीस हे गिरणीत नोकरीस होते. त्या काळी सोलापूर हे कापडगिरण्यांचे शहर म्हणून प्रसिद्ध होते. १८७७ मध्ये सुरू झालेल्या आणि पुढे 'जुनी गिरण' या नावाने ओळखल्या गेलेल्या गिरणीमुळे मराठी, कानडी, तेलुगू व उर्दू बोलणारे कामगार या शहरात स्थायिक झाले होते.

द्वारकानाथांच्या तरुणपणी सोलापूर हे स्वातंत्र्यलढ्याचे एक महत्त्वाचे केंद्र बनले. मे १९३० मध्ये शहरात ब्रिटिश सरकारने मार्शल लॉ पुकारला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे व श्रीकिसन सारडा या चौघांना येरवड्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आली. कोटणीसांची पिढी अशा वातावरणात वाढली.

वैद्यकीय शिक्षणासाठी कोटणीस मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाले. हे महाविद्यालय आणि त्याला जोडलेले राजे एडवर्ड स्मारक रुग्णालय (के. ई. एम.) १९२६ मध्ये सुरू झाले होते. येथील अध्यापकवर्ग भारतीयच असावा, असा संस्थापकांचा आग्रह होता. परकीय सत्तेच्या काळात भारतीय डॉक्टरांनी भारतीय विद्यार्थ्यांना घडवावे, हा त्यामागील हेतू होता. १९३६ मध्ये कोटणीसांनी एम. बी. बी. एस. ही पदवी मिळविली आणि त्यानंतर ते पदव्युत्तर शिक्षणाच्या तयारीस लागले.

वैद्यकीय पथकाची स्थापना

जुलै १९३७ मध्ये जपानने चीनवर पूर्ण शक्तिनिशी आक्रमण केले. काही महिन्यांतच पेकिंग, शांघाय व नानकिंग ही शहरे जपानी सैन्याच्या ताब्यात गेली. चिनी सैन्याकडे प्रशिक्षित डॉक्टर अत्यंत कमी होते.  आठव्या मार्गसेनेचे सेनापती चू ते यांनी नोव्हेंबर १९३७ मध्ये जवाहरलाल नेहरू यांना पत्र लिहून वैद्यकीय साहाय्याची विनंती केली. अमेरिकन पत्रकार ॲग्नेस स्मेडली यांनीही त्यासाठी प्रयत्न केले.

१९३८ मध्ये काँग्रेसचे अध्यक्ष असलेल्या सुभाषचंद्र बोस यांनी या कामासाठी देशवासीयांना जाहीर आवाहन केले. निधी गोळा करण्यात आला. सुमारे २२,००० रुपये जमले. रुग्णवाहिका, औषधे आणि शस्त्रक्रियेची उपकरणे यांचीही व्यवस्था करण्यात आली. स्वतःच पारतंत्र्यात असलेल्या देशाने दुसऱ्या आक्रमणग्रस्त देशाला केलेली ही मदत असल्याने तिला राजकीय महत्त्वही होते.

पथकात पाच डॉक्टर निवडले गेले. अलाहाबादचे डॉ. मदनमोहनलाल अटल हे पथकाचे प्रमुख होते. त्यांनी पूर्वी स्पेनच्या यादवी युद्धात वैद्यकीय सेवा केली होती. नागपूरचे डॉ. मोरेश्वर रामचंद्र चोळकर हे ज्येष्ठ सदस्य होते. कलकत्त्याचे डॉ. बिजयकुमार बसू व डॉ. देबेश मुखर्जी आणि सोलापूरचे डॉ. कोटणीस हे उर्वरित तिघे होत. पाचांपैकी दोन डॉक्टर महाराष्ट्रातील होते.

चीनमधील प्रवास

सप्टेंबर १९३८ च्या प्रारंभी पथकाने मुंबईहून बोटीने प्रस्थान ठेवले आणि त्याच महिन्यात ते क्वांगचौ (कँटन) येथे पोहोचले. तेथे सुन यत-सेन यांच्या पत्नी सुंग छिंगलिंग यांनी पथकाचे स्वागत केले. पुढे पथक वूहान येथे गेले. जपानी सैन्य पुढे सरकत असल्याने आणि ऑक्टोबरमध्ये वूहान पडल्याने त्यांना यांगत्से नदीच्या खोऱ्यातून पश्चिमेकडे छुंगछिंगला जावे लागले. चीनशी असलेली आपुलकी व्यक्त करण्यासाठी पाचही डॉक्टरांच्या चिनी नावांच्या शेवटी 'हुआ' म्हणजे चीन हे अक्षर जोडण्यात आले. कोटणीसांचे 'के दिहुआ' हे नाव तेव्हाचे आहे.

छुंगछिंग येथे असताना कोटणीसांना वडिलांच्या निधनाची वार्ता समजली. पथकातील सहकाऱ्यांनी त्यांनी घरी परतावे असे सुचविले. घरी आई व भावंडे होती आणि कुटुंबाची आर्थिक स्थितीही बिकट झाली होती. परंतु प्रत्यक्ष रणभूमीवरील काम अद्याप सुरू व्हावयाचे होते. ते सुरू होण्यापूर्वीच परत फिरणे कोटणीसांना पटले नाही आणि त्यांनी पथकासोबत पुढे जाण्याचा निर्णय घेतला. या निर्णयानंतर त्यांची आणि कुटुंबीयांची पुन्हा कधीही भेट झाली नाही.

१२ फेब्रुवारी १९३९ रोजी पथक येनान येथे पोहोचले. हे चिनी साम्यवादी पक्षाचे मुख्य केंद्र होते. माओ त्से-तुंग यांनी पथकाची भेट घेतली. लोएस मातीच्या टेकड्यांत कोरलेल्या गुहांमध्ये येथील रुग्णालये चालत. डॉक्टरांनी त्याच ठिकाणी काम सुरू केले. त्याच वर्षी प्रकृतीच्या व अन्य कारणांनी चोळकर व मुखर्जी भारतात परतले. उरलेले तिघे १९३९ च्या अखेरीस शान्सी प्रांतातील आघाडीवर गेले आणि तेथे त्यांनी चू ते यांची भेट घेतली. १९४० च्या प्रारंभी अटल हेही आजारपणामुळे मायदेशी निघाले. कोटणीस व बसू मात्र जपानी सैन्याची नाकेबंदी ओलांडून शान्सी-चाहार-हपेई या सीमाभागात गेले. या भागाचे सेनानी न्ये रोंगचन हे होते.

रणभूमीवरील शल्यचिकित्सा

या सीमाभागात त्यापूर्वी कॅनडाचे शल्यचिकित्सक नॉर्मन बेथून यांनी काम केले होते. बेथून हे मुळात छातीच्या शस्त्रक्रियांचे तज्ज्ञ होते. रुग्णाला रुग्णालयात आणण्याऐवजी डॉक्टरांनीच जखमी सैनिकाजवळ जावे, या विचाराने त्यांनी खेचरांवरून नेता येईल असे फिरते शस्त्रक्रियागृह उभारले होते. शस्त्रक्रिया करताना बोटाला झालेल्या लहानशा जखमेतून जंतुसंसर्ग रक्तात पसरला आणि १२ नोव्हेंबर १९३९ रोजी त्यांचा मृत्यू झाला. कोटणीस व बसू यांनी जून १९४० मध्ये थांग परगण्यातील बेथून यांच्या समाधीस भेट दिली.

बेथून यांच्या मृत्यूवरून त्या काळातील युद्धशस्त्रक्रियेचे स्वरूप स्पष्ट होते. पेनिसिलीनचा रुग्णांवरील पहिला पद्धतशीर उपयोग इंग्लंडमध्ये १९४१ मध्ये झाला आणि ते मोठ्या प्रमाणात उपलब्ध होण्यास आणखी दोन-तीन वर्षे लागली. उत्तर चीनच्या डोंगराळ भागात ते कोटणीसांच्या हयातीत पोहोचलेच नाही. सल्फा गटातील औषधे निघाली होती, पण नाकेबंदीमुळे ती दुर्मीळ होती. त्यामुळे शल्यचिकित्सकाला मुख्यतः सुरी, स्वच्छता आणि वेळ यांवरच अवलंबून राहावे लागे. जखमेतील मृत मांस, कपड्याच्या चिंध्या व माती काढून टाकणे, जखम घाईने शिवून बंद न करणे आणि आत साचणाऱ्या पुवाला बाहेर पडण्यास वाट ठेवणे ही या शस्त्रक्रियेची मूलतत्त्वे होती. उपचारास जितका उशीर होई तितका जंतुसंसर्ग खोल जाई. आघाडीपासून रुग्णालयापर्यंत जखमींना गावकरी खाटल्यांवरून डोंगरवाटेने वाहून आणीत, त्यामुळे बरेच तास वाया जात. म्हणूनच आघाडीजवळ थांबण्याला कोटणीस महत्त्व देत.

२० ऑगस्ट १९४० पासून आठव्या मार्गसेनेने जपानी सैन्याविरुद्ध व्यापक मोहीम सुरू केली. ती 'शंभर पलटणींची मोहीम' या नावाने ओळखली जाते. या मोहिमेत कोटणीसांनी आघाडीलगत तात्पुरते शस्त्रक्रियागृह चालविले. चिनी नोंदींनुसार १३ दिवसांच्या लढाईत त्यांच्या पथकाकडे ८०० हून अधिक जखमी आले व त्यांपैकी ५५८ जणांवर शस्त्रक्रिया झाल्या. काही प्रसंगी सलग तीन दिवस त्यांना झोप मिळाली नाही, असे सांगितले जाते. नोव्हेंबर १९४० मध्ये डॉ. बसू येनानला परतले. त्यानंतर पाच जणांच्या मूळ पथकापैकी सीमाभागात एकटे कोटणीस राहिले.

रुग्णालय आणि अध्यापन

जानेवारी १९४१ मध्ये कोटणीसांची बेथून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे पहिले संचालक म्हणून नियुक्ती झाली. हे रुग्णालय एका इमारतीत नव्हते. थांग परगण्यातील गेगोंग व आसपासच्या खेड्यांतील शेतकऱ्यांच्या घरांत रुग्ण ठेवले जात. शत्रूची हालचाल कळताच रुग्णांसह सर्व साहित्य डोंगरात हलवावे लागे. रुग्णालयाला जोडूनच बेथून आरोग्य विद्यालय होते. कोटणीस तेथे शल्यशास्त्र शिकवीत.

अध्यापनासाठी त्यांनी चिनी भाषा आत्मसात केली. काही काळातच ते दुभाषाशिवाय रुग्णांशी बोलू लागले आणि वर्गातही चिनी भाषेतूनच व्याख्याने देऊ लागले. क्रमिक पुस्तकांचा तुटवडा असल्याने त्यांनी स्वतः पुस्तके लिहावयास घेतली. शल्यशास्त्राच्या सामान्य तत्त्वांवरील पुस्तक त्यांनी पूर्ण केले. निरनिराळ्या अवयवांच्या शस्त्रक्रियांवरील दुसरे पुस्तक त्यांच्या मृत्यूमुळे अपुरे राहिले. एका डॉक्टरच्या हातून होणाऱ्या शस्त्रक्रियांची संख्या मर्यादित असते. त्याने घडविलेले विद्यार्थी मात्र त्याच्यानंतरही काम करीत राहतात. या दृष्टीने कोटणीसांचे अध्यापन हे त्यांच्या रणभूमीवरील सेवेइतकेच महत्त्वाचे मानले जाते.

शल्यशास्त्रातील पुढील बदल

कोटणीसांच्या काळात ज्या जखमांपुढे शल्यचिकित्सक बहुधा हतबल ठरत, त्यांत अन्ननलिकेला पडलेल्या छिद्राचा समावेश होतो. अन्ननलिका छातीच्या पोकळीत हृदय व फुप्फुसांच्या मागून जाते. ती फाटल्यास लाळ, अन्न व जठरातील आम्ल छातीत उतरते आणि तेथे वेगाने पू होतो. ओकारीच्या जोराने अन्ननलिका फाटल्याचे पहिले सविस्तर वर्णन डच वैद्य हर्मान बुर्‌हाव्हे यांनी १७२४ मध्ये प्रसिद्ध केले. परंतु अशा प्रकारे फाटलेली अन्ननलिका शिवून रुग्ण वाचविण्यात पहिले यश १९४७ च्या सुमारास, म्हणजे कोटणीसांच्या मृत्यूनंतर काही वर्षांनी आले. त्यात इंग्लंडचे शल्यचिकित्सक नॉर्मन बॅरेट यांचा वाटा होता.

एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात जर्मनीतील डॉक्टरांनी अशा गळतीवर दुर्बिणीद्वारे निर्वात उपचाराची पद्धत रूढ केली. यात तोंडावाटे दुर्बीण घालून छिद्राजवळ किंवा छिद्रामागील पोकळीत सच्छिद्र स्पंज ठेवला जातो. स्पंजाला जोडलेली नळी नाकातून बाहेर काढून यंत्राला लावतात आणि पाऱ्याच्या सुमारे १२५ मिलिमीटर इतका ऋण दाब सतत ठेवतात. त्यामुळे साचलेला द्रव बाहेर ओढला जातो, पोकळी आकुंचन पावते आणि स्पंजाच्या संपर्कातील भागात नवी ऊती वाढते. साधारणतः तीन ते पाच दिवसांनी स्पंज बदलावा लागतो. त्या अवधीत रुग्णाला अन्ननलिकेवाटे अन्न न देता अन्य मार्गाने पोषण दिले जाते. या उपचारामुळे अनेक रुग्णांना छाती उघडून करावी लागणारी शस्त्रक्रिया टाळता येते.

या पद्धतीचा कोटणीसांच्या कार्याशी थेट संबंध नाही. मात्र बंद पोकळीतील पुवाला वाट करून दिल्याशिवाय जखम भरत नाही, हे तत्त्व दोन्हींकडे समान आहे. गेगोंगमधील विद्यार्थ्यांना साध्या रबरी नळीने व जाळीच्या कापडाने जे साधावे लागे, ते आज दुर्बीण, स्पंज व निर्वात यंत्र यांच्या साहाय्याने शरीरात खोलवर साधता येते.

वैवाहिक जीवन

बेथून आरोग्य विद्यालयात परिचर्या शिकविणाऱ्या गुओ छिंगलान यांच्याशी कोटणीसांचा परिचय झाला. बेथून यांच्या समाधीवरील कार्यक्रमात छिंगलान यांनी त्यांना प्रथम पाहिले होते. २५ नोव्हेंबर १९४१ रोजी दोघांचा विवाह झाला. २३ ऑगस्ट १९४२ रोजी त्यांना मुलगा झाला. न्ये रोंगचन यांच्या सूचनेवरून त्याचे नाव यिनहुआ असे ठेवण्यात आले. 'यिन' म्हणजे भारत व 'हुआ' म्हणजे चीन. जुलै १९४२ मध्ये कोटणीसांनी चिनी साम्यवादी पक्षाचे सदस्यत्व स्वीकारले होते.

आजार आणि मृत्यू

सीमाभागातील अपुरा आहार, कडाक्याची थंडी, सततचे स्थलांतर आणि कामाचा ताण यांमुळे कोटणीसांची प्रकृती ढासळत गेली. त्यांना अपस्माराचे झटके येऊ लागले. उपचारासाठी सीमाभाग सोडून जाण्याचा सल्ला त्यांना देण्यात आला, परंतु त्यांनी काम थांबविले नाही. डिसेंबर १९४२ मध्ये शल्यशास्त्रावरील दुसऱ्या पुस्तकाचे लेखन चालू असताना त्यांना झटका आला. त्यानंतर झटके लागोपाठ येत राहिले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी त्यांचा मृत्यू झाला. त्या वेळी त्यांचे वय ३२ वर्षे होते. विवाहाला जेमतेम एक वर्ष झाले होते आणि मुलगा साडेतीन महिन्यांचा होता. माओ त्से-तुंग, चू ते व सुंग छिंगलिंग यांनी त्यांना आदरांजली वाहिली.

मृत्यूनंतर त्यांचे दफन थांग परगण्यात करण्यात आले. पुढे त्यांची समाधी शिजियाझुआंग येथील उत्तर चीन हुतात्मा दफनभूमीत उभारण्यात आली. तेथे बेथून यांचीही समाधी आहे.

यिनहुआ यांनी वडिलांप्रमाणेच वैद्यकीय शिक्षण घेतले, पण ते पूर्ण होण्याच्या सुमारास १९६७ मध्ये त्यांचे अकाली निधन झाले. गुओ छिंगलान यांनी कोटणीसांच्या आठवणी लिहिल्या. त्या भारतात अनेकदा आल्या आणि कोटणीस कुटुंबाशी त्यांनी अखेरपर्यंत संबंध ठेवला. २०१२ मध्ये त्यांचे निधन झाले.

चित्रपट आणि साहित्य

ख्वाजा अहमद अब्बास यांनी कोटणीसांच्या जीवनावर इंग्रजीत पुस्तक लिहिले. त्याच्या आधारे व्ही. शांताराम यांनी 'डॉ. कोटनीस की अमर कहानी' हा हिंदी चित्रपट निर्माण केला. तो १९४६ मध्ये प्रदर्शित झाला. दिग्दर्शनाबरोबरच कोटणीसांची भूमिकाही शांताराम यांनी केली. छिंगलान यांची भूमिका जयश्री यांनी केली आणि संगीत वसंत देसाई यांनी दिले. या चित्रपटामुळे कोटणीसांचे नाव भारतभर पोहोचले.

चित्रपटातील काही प्रसंग मात्र काल्पनिक आहेत. साथीच्या रोगावर उपाय शोधताना कोटणीसांना त्याच रोगाची लागण होते, असे चित्रपटात दाखविले आहे. प्रत्यक्षात त्यांचा मृत्यू अपस्माराने झाला आणि त्यांचे मुख्य कार्य जखमींवरील शस्त्रक्रिया व अध्यापन हे होते. चीनमध्येही १९८२ मध्ये त्यांच्या जीवनावर चित्रपट निघाला.

स्मारके आणि गौरव

चीनने १९८२ मध्ये आणि भारताने १९९३ मध्ये कोटणीसांच्या स्मरणार्थ टपाल तिकिटे काढली. शिजियाझुआंग येथील एका वैद्यकीय विद्यालयास त्यांचे नाव देण्यात आले आहे. तेथे त्यांचा पुतळा असून शिक्षण पूर्ण करणारे विद्यार्थी रुग्णसेवेची शपथ घेतात. भारतभेटीवर आलेल्या अनेक चिनी नेत्यांनी कोटणीस कुटुंबीयांची आवर्जून भेट घेतली आहे. पथकातील सहकारी डॉ. बसू यांनी पुढे चीनमध्ये ॲक्युपंक्चरचे शिक्षण घेऊन ती उपचारपद्धती भारतात आणली. तिच्या प्रसारासाठी निघालेल्या काही संस्थांना कोटणीसांचे नाव देण्यात आले.

सोलापूर येथे भैय्या चौक परिसरात डॉ. कोटणीस यांचे स्मारक आहे. १९६२ च्या युद्धानंतर भारत व चीन यांच्या संबंधांत अनेकदा कटुता आली, तरी कोटणीसांविषयीचा आदर दोन्ही देशांत टिकून राहिला.